केसापासून सुतळीपर्यंत: बारीक इटालियन पास्ता ओळखायचा, निवडायचा आणि शिजवायचा कसा

आयात मालाच्या दुकानात पास्त्याच्या फळीसमोर उभं राहिलं की लांब काड्यांची पाच-सहा पाकिटं शेजारी शेजारी दिसतात. कापेलिनी, स्पॅगेटिनी, स्पॅगेटी, लिंग्विनी, क्वचित व्हर्मिचेल्ली. रंग तोच, लांबी तीच. बहुतेक जण ओळखीचं नाव म्हणून स्पॅगेटी उचलतात, आणि कधी बदल म्हणून दुसरं काही आणलं तर तेही स्पॅगेटीसारखंच शिजवतात. मग कापेलिनीचा लगदा होतो आणि दोष कंपनीला लागतो.

या सगळ्या सुक्या काड्यांमध्ये रवा आणि पाणी याखेरीज काही नसतं. फरक आहे तो जाडीचा. शिजायची वेळ, कुठला सॉस पेलेल, एका वेळी किती जणांसाठी करावं, हे सगळं जाडीवर ठरतं. नावं त्या मानाने बेभरवशाची आहेत, तरी सुरुवात तिथूनच करू, कारण दुकानात आधी तीच दिसतात.

नावाची शेपटी वाचा

इटालियन पास्त्याच्या नावात वस्तू आधी येते आणि आकार शेवटी. शेवटी ‘-इनी’, ‘-एत्ती’ किंवा ‘-एल्ली’ असेल तर लहान, ‘-ओनी’ असेल तर मोठं. ‘स्पागो’ म्हणजे सुतळी. तिच्यापासून स्पॅगेटी, म्हणजे बारीक सुतळ्या, त्याहून बारीक स्पॅगेटिनी, जाड स्पॅगेटोनी. ‘कापेल्लो’ म्हणजे डोक्यावरचा केस, म्हणून कापेलिनी. आणि त्याहूनही नाजूक ते कापेल्ली द’आंजेलो, देवदूताचे केस. लिंग्विनी म्हणजे छोट्या जिभा. व्हर्मिचेल्ली म्हणजे चक्क छोट्या अळ्या. इटालियन माणसाला जेवताना हे आठवत नसावं.

या शेपट्यांचा उपयोग एकाच घराण्यात होतो. स्पॅगेटिनी स्पॅगेटीपेक्षा बारीक, एवढं नक्की. पण कापेलिनी आणि फेदेलिनी यांत बारीक कोण, हे नावावरून कळणार नाही. दोघांच्याही शेवटी ‘इनी’च आहे.

जाडीचा क्रम

सगळ्यात बारीकपासून सुरू करू. आकडे साधारण आहेत, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो.

कापेल्ली द’आंजेलो पाऊण ते ०.९ मिलिमीटर. इतक्या नाजूक काड्या सरळ ठेवल्या की तुटतात, म्हणून त्या बहुधा घरट्यासारख्या गुंडाळून विकतात. कापेलिनी १ मिलिमीटरच्या आसपास, सरळ काड्यांतही मिळतात. इंग्रजी लेबलांवर या दोघांनाही सर्रास ‘एंजल हेअर’ म्हणतात, आणि घरगुती स्वयंपाकात तेवढा फरक पडतही नाही. फेदेलिनी १.४ च्या आसपास. हे नाव लिगुरियाकडचं, म्हणजे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं. जेनोवातल्या पास्ता करणाऱ्यांना पूर्वी ‘फिदेलारी’च म्हणत. स्पॅगेटिनी दीड मिलिमीटरच्या आगेमागे. स्पॅगेटी १.८ ते २. आणि त्याच्याही वर, २.१ च्या जवळपास, इटलीतली व्हर्मिचेल्ली.

हो, वर. इथेच सगळ्यांची गडबड होते.

व्हर्मिचेल्ली आणि व्हर्मिसेली

नेपल्समध्ये व्हर्मिचेल्ली हे लांब गोल पास्त्याचं जुनं, सरसकट नाव. तिथल्या पास्ता करणाऱ्यांचा संघ ‘व्हर्मिचेल्लारी’ म्हणून ओळखला जाई. ‘स्पॅगेटी’ हा शब्द रूढ झाला तो बराच नंतर, १९व्या शतकात. आज इटलीत दोन्ही नावं चालतात आणि व्हर्मिचेल्ली किंचित जाड असते. नेपल्सचे लोक शिंपल्यांसोबत तीच पसंत करतात.

अमेरिकेत मात्र उलट. तिथल्या अन्न नियमांनुसार व्हर्मिसेली म्हणजे ०.०६ इंचापर्यंतची, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरची काडी. त्याहून जाड, ०.११ इंचापर्यंत, ती स्पॅगेटी. म्हणजे इटलीतली व्हर्मिचेल्ली अमेरिकेत गेली तर कायद्याने स्पॅगेटी ठरते.

आपल्याकडे तिसराच अर्थ. भारतात ‘व्हर्मिसेली’ लिहिलेलं पाकीट म्हणजे शेवया, खिरीच्या नाहीतर उपम्याच्या. त्यामुळे एखाद्या इटालियन कृतीत व्हर्मिचेल्ली दिसली की आधी कृती कुठली ते बघा. नेपल्सची असेल तर जाडसर स्पॅगेटी घ्या. अमेरिकन असेल तर स्पॅगेटिनी. शेवयांचं पाकीट दोन्ही वेळी फळीवरच राहू द्या.

पाकिटावरचा आकडा

नावाशेजारी ‘नं. ५’ किंवा ‘नं. १२’ असा आकडा असतो. पुष्कळांना वाटतं की हा जाडीचा काहीतरी जागतिक क्रमांक आहे. तसं नाही. तो त्या कंपनीच्या साच्याचा क्रमांक. बरिल्लाची स्पॅगेटी नं. ५ आणि दे चेक्कोची नं. १२, पण दोन्ही स्पॅगेटीच. बरिल्लाची कापेलिनी नं. १, स्पॅगेटिनी नं. ३, दे चेक्कोची फेदेलिनी नं. १०, स्पॅगेटिनी नं. ११. एकाच कंपनीच्या गोल काड्यांत आकडा वाढला की बहुधा जाडी वाढते, एवढ्यापुरता तो कामाचा. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

मग भरवसा कशावर?

मिनिटांवर. पाकिटावर शिजायची वेळ छापलेली असते आणि ती जाडीचं सगळ्यात प्रामाणिक माप आहे. २-३ मिनिटं म्हणजे कापेलिनीच्या वर्गातला. ५-६ म्हणजे फेदेलिनी किंवा स्पॅगेटिनी. ८ ते १२ म्हणजे स्पॅगेटी. कंपनीचा रवा आणि वाळवण्याची पद्धत यांमुळे एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे होतात, पण वर्ग चुकत नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाणी काडीत बाहेरून आत शिरतं आणि मधोमध पोचायला त्याला वेळ लागतो. काडी दुप्पट जाड झाली की हा वेळ दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो. म्हणून १.८ मिलिमीटरच्या स्पॅगेटीला ८-९ मिनिटं लागतात आणि तिच्या निम्म्या जाडीच्या कापेल्ली द’आंजेलोला जेमतेम २. याचाच दुसरा अर्थ असा की स्पॅगेटीत अर्धं मिनिट चुकलं तर कुणाला कळत नाही, कापेलिनीत तेच अर्धं मिनिट म्हणजे एकूण वेळेचा पाव हिस्सा.

पाकीट फेकून दिलं असेल आणि बरणीत काय आहे ते आठवत नसेल तर पट्टी काढा. १० काड्या एकमेकींना चिकटवून सपाट मांडा आणि एकत्र रुंदी मोजा. १८ मिलिमीटर भरली तर एक काडी १.८ ची, म्हणजे स्पॅगेटी. १५ भरली तर स्पॅगेटिनी. १० भरली तर कापेलिनी.

चपट्या आणि चौकोनी काड्या

लिंग्विनीचा छेद गोल नसून दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा असतो. लिगुरियात याच जातीच्या पास्त्याला त्रेनेत्ते किंवा बावेत्ते म्हणतात आणि पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी), बटाटा व कोवळ्या फरसबीबरोबर खातात. पास्ता, बटाटा आणि फरसबी एकाच भांड्यात उकळतात. बटाटा आधी, फरसबी आणि पास्ता नंतर. बटाट्याच्या कडा विरघळून पेस्तो पास्त्याला धरून राहतो. पेस्तोसाठी मी गोल स्पॅगेटीपेक्षा नेहमी हीच चपटी काडी सुचवेन.

आब्रुत्सोमध्ये चौकोनी छेदाची काडी करतात. लाकडी चौकटीवर तारा ताणलेल्या असतात, त्यावर लाटलेली पोळी ठेवून वरून लाटणं फिरवायचं, की तारांमधून काड्या खाली पडतात. त्या चौकटीचं नाव कितार्रा, म्हणजे गिटार, आणि पास्त्याचंही तेच. हा प्रकार फारसा बारीक नाही, साधारण २ मिलिमीटर, पण त्याच्या कडा आणि खरबरीत अंग सॉस छान पकडतं.

अंड्याचे बारीक प्रकार

आतापर्यंतचे सगळे प्रकार ड्युरम गव्हाच्या रव्याचे, बिनअंड्याचे. इटलीत सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा, असा नियम १९६७ च्या कायद्यापासून आहे. अंड्याचा पास्ता हे वेगळं घराणं. पाकिटावर इटालियनमध्ये ‘आल्लुओव्हो’ असं काहीसं लिहिलेलं दिसेल, आणि भारतात विकताना त्यावर शाकाहाराचं हिरवं चिन्ह नसेल. घरट्याच्या आकाराचा पास्ता घेताना हे मुद्दाम तपासा. गुंडाळी दिसली म्हणजे अंडं असतंच असं नाही, आणि नसतंच असंही नाही.

या घराण्यातले बारीक म्हणजे तालियोलिनी, २-३ मिलिमीटर रुंद, पातळ पट्ट्या. पिएमोंतेच्या लांगे भागात त्यांचाच भाऊबंद तायारिन. त्यात पीठ मळायला अंड्यातलं पांढरं जवळजवळ वापरतच नाहीत. किलोभर पिठाला ३० पिवळे बलक घालणारी घरं आहेत. रंग हळदीसारखा येतो. वर लोणी आणि सेज, किंवा हंगामात पांढरं ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी) किसून.

मार्के प्रांतातल्या काम्पोफिलोने गावचे माक्केरोंचिनी आणखी बारीक. युरोपीय संघाने २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन दिलं, आणि त्यात माप बांधून दिलेलं आहे: रुंदी ०.८ ते १.२ मिलिमीटर, जाडी ०.३ ते ०.७, आणि अंड्याचं प्रमाण ३३ टक्क्यांहून कमी नाही. एका मिनिटात शिजतात. अंड्यामुळे ताकद असते, म्हणून इतके बारीक असूनही मांसाचा सॉस पेलतात. बिनअंड्याच्या कापेलिनीला ते जमत नाही.

आणि मग सार्दिनियातल्या नुओरोचं सु फिलिंदेउ, म्हणजे देवाचे धागे. हे दुकानात मिळणार नाही, तरी बारीक पास्त्याची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. यात अंडं नाही; रवा, पाणी आणि मीठ एवढंच. हात एकदा मिठाच्या पाण्यात, एकदा साध्या पाण्यात बुडवत कणीक मऊ, ताणता येईल अशी होईपर्यंत मळायची. मग ती ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. आठ वेळा दुमडल्यावर एका वळीचे २५६ धागे होतात. हे धागे गोल ताटीवर एक थर आडवा, एक उभा, एक तिरका असे अंथरतात आणि उन्हात वाळवतात. तयार होतं ते विणलेल्या जाळीदार कापडासारखं पान. ते मोडून मेंढीच्या मटणाच्या उकळत्या रश्शात टाकतात, वर आंबूस पेकोरिनो चीज. लुलाच्या सान फ्रांचेस्को देवळाच्या यात्रेत मे आणि ऑक्टोबरमध्ये हे भाविकांना वाढतात. करणाऱ्या बायका अगदी थोड्या उरल्या आहेत, कारण कणीक कधी ‘आली’ हे फक्त हाताला कळतं.

पाकीट निवडताना

काडीचा पृष्ठभाग बघा. गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर साचा टेफ्लॉनचा. पिठूळ, खरबरीत दिसत असेल तर ब्राँझचा. ब्राँझच्या साच्यातला पास्ता सॉस चांगला धरतो आणि पाण्यात स्टार्चही जास्त सोडतो. बारीक पास्त्यात मात्र मी यासाठी फार जादा पैसे मोजणार नाही. कापेलिनीला मुळातच इतका पृष्ठभाग असतो की सॉस धरण्याची तिला अडचण नसते. ब्राँझचा खरा फायदा स्पॅगेटी आणि त्याहून जाड प्रकारांत.

प्रथिनं मात्र बारीक पास्त्यातच जास्त महत्त्वाची. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅमला किती ते बघा; १३ किंवा वर असेल तर काडी पाण्यात तग धरते. घटकांत ड्युरम गव्हाचा रवा हवा. मैदा किंवा नुसतं ‘गव्हाचं पीठ’ असेल तर निदान कापेलिनी तरी घेऊ नका. शेवटी पाकीट उजेडात धरून बघा: काड्यांवर बारीक पांढरे तडे दिसले तर तो पास्ता उकळताना तुकडे तुकडे होईल.

शिजवणं

इटालियन घरांतलं सरसकट प्रमाण असं: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. माणशी ८० ते १०० ग्रॅम. कापेलिनी असेल तर ७०-८० पुरे, कारण ती ताटात फुगून दिसते. पाण्यात तेल घालू नका. त्याने काड्या सुट्या राहत नाहीत, उलट नंतर सॉस घसरतो.

स्पॅगेटिनी आणि स्पॅगेटी शिजवताना पाणी आणि सॉस एकाच वेळी मांडता येतात. कापेलिनीत तसं करू नका. आधी सॉस पूर्ण तयार करून पसरट कढईत मंद आचेवर ठेवा, ताटल्या गरम करून मांडा, जेवणाऱ्यांना बसवा. त्यानंतर पास्ता पाण्यात. पाणी खळखळ उकळत असलं पाहिजे. काड्या टाकल्याबरोबर चिमट्याने किंवा लांब काट्याने हलवत राहा; पहिल्या अर्ध्या मिनिटात चिकटल्या तर पुन्हा सुटत नाहीत. दीड मिनिट झालं की एक काडी चावून बघा. मधे अगदी किंचित कडकपणा लागला पाहिजे. चाळणीत ओतत बसू नका, चिमट्याने उचलून थेट कढईत, मागून पळीभर ते पाणी. ३० सेकंद हलवा आणि वाढा. उरलेलं शिजणं ताटात होतं.

एका वेळी तीन माणसांपेक्षा जास्त कापेलिनी करू नये, असं माझं ठाम मत आहे. पाहुणे सहा असतील तर स्पॅगेटिनी करा. अर्धा किलो कापेलिनी भांड्यातून निघेपर्यंत शेवटच्या घासाची खीर झालेली असते.

कशाबरोबर काय

कापेलिनीला हलकं आणि पातळ हवं: ऑलिव्ह तेलात जेमतेम फुटलेले छोटे टोमॅटो आणि तुळशीच्या जातीचं बेसिल, किंवा लोणी, लिंबाची किसलेली साल आणि रस. क्रीम, चीजचा दाट सॉस, खिमा यांपासून ती लांब ठेवा, ओझ्याने गोळा होतो. इटलीत कापेल्ली द’आंजेलोचा खरा मान रश्शात असतो. कोंबडीच्या किंवा भाज्यांच्या गाळलेल्या गरम स्टॉकमध्ये माणशी ४० ग्रॅम घरटं चुरून टाकायचं, २ मिनिटं, वर चीज. आजारी माणसाला आणि लहान मुलांना हेच देतात. लांब पास्ता मोडू नये, हा दंडक रश्शाला लागू नाही.

लसूण, तेल आणि सुक्या मिरचीचा आल्यो ए ओल्यो स्पॅगेटिनीत सगळ्यात छान होतो. दोघांसाठी १८० ग्रॅम पास्ता, ४ मोठे चमचे ऑलिव्ह तेल. आपल्याकडचा लसूण लहान पाकळ्यांचा असेल तर ७-८ घ्या. पातळ काप थंड तेलात टाका आणि मग मंद आच लावा, म्हणजे लसूण सोनेरी होईपर्यंत तेलाला वास लागतो. करपला तर तो टाकून पुन्हा करा, कडवटपणा लपत नाही. मिरची शेवटी. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढून त्यात टाका, पळीभर पाणी घाला आणि जोरात हलवा. तेल आणि स्टार्चचं पाणी मिळून दुधी, मऊ लेप तयार होतो. तो झाला नाही आणि तेल तळाशी वेगळं राहिलं तर आणखी थोडं पाणी घालून हलवत राहा.

स्पॅगेटी आणि इटालियन व्हर्मिचेल्ली दाट टोमॅटो सॉस, शिंपले, कार्बोनारा सगळं पेलतात. लिंग्विनी मासळी आणि पेस्तोसाठी.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. पार्मिजानो आणि पेकोरिनो रोमानो ही दोन्ही चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) लावतात. ते चालत नसेल तर शाकाहारी रेनेटचं, हिरवं चिन्ह असलेलं कडक चीज घ्या, किंवा वर लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा घाला. दक्षिण इटलीत ही चीजला पर्याय म्हणून जुनीच रीत आहे.

अडल्या वेळी आणि साठवताना

कापेलिनी नसेल तर रश्शासाठी आपल्या न भाजलेल्या, रव्याच्या शेवया चालतात. बन्सी गव्हाच्या असतील तर उत्तमच, बन्सी हा ड्युरमच. भाजलेल्या शेवयांचा खमंग वास इटालियन रश्शाशी जुळत नाही. उलट बाजूने, उरलेली सुकी कापेलिनी बोटभर लांबीची मोडून तुपात बदामी भाजली तर उपमा मोकळा होतो. पाणी मात्र बेताने घाला.

पावसाळ्यात बारीक पास्ता पाकिटात ठेवू नका. हवेतला ओलावा चढउतार झाला की त्याला तडे जातात, आणि रव्याला सोंडे लागतात तसे यालाही लागतात. उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पाकिटावरचा मिनिटांचा तुकडा कापून आत टाका.

शिजवलेली कापेलिनी उरली तर ती परत गरम करून खाण्यात अर्थ नाही. स्पॅगेटिनी किंवा स्पॅगेटी उरली तर नेपल्सची फ्रित्ताता दी स्काम्मारो करा. उपासाच्या दिवसांतला हा बिनअंड्याचा पदार्थ: पास्त्यात ऑलिव्ह, केपर्स, मनुका, चिलगोजे मिसळायचे (मूळ कृतीत खारवलेले अँचोव्ही मासेही असतात, ते वगळता येतात), तव्यावर सढळ तेलात थापायचं, आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचं. उलटवताना वर ताटली धरा, आणि थंड झाल्यावरच कापा, नाहीतर सुटतं.